नाव न झालेल्यांची गाणी



आजच्या भाषणाचा विषय कळला म्हणजे सिरसाळ्याच्या बाजारात बसलेले एखादे जाणते गृहस्थ सहज विचारतील, “अहो, विलायतेतल्या गिटारवाल्या पोरांशी आपलं काय देणंघेणं? आपण परळी तालुक्यातली माणसं. आपल्याकडं भजन आहे, भारूड आहे, लग्नाच्या वरातीला बँजो पार्टी आहे. त्यात हे आणखी कशाला?” प्रश्न रास्त आहे. तेव्हा विलायतेला जाण्यापूर्वी गावातच थोडे थांबू.

गावोगाव भजनी मंडळे असतात. अभंग तेच, ज्ञानोबांचे, तुकोबांचे, नामदेवांचे. पेटी, पखवाज, टाळ हेही सगळीकडे सारखेच. तरी पंचक्रोशीत नाव निघते ते एखाद्याच गावच्या मंडळाचे. “त्यांची चाल ऐकण्यासारखी आहे,” असे लोक म्हणतात. पुढचा गवई ओळ कुठे सोडतो, मागची झील ती कशी उचलते, पखवाजी समेवर येण्याआधी क्षणभर कसा थबकतो, हे सगळे त्या ‘चाल’ शब्दात आले. त्या मंडळाची तबकडी निघालेली नसते. वर्तमानपत्रात छायाचित्र आलेले नसते. मुंबई-पुण्याच्या रसिकाला त्या गावाचे नावसुद्धा ठाऊक नसते. म्हणून ते गाणे हलके ठरते काय? तुम्ही म्हणाल, छे, मुळीच नाही.

एवढे कबूल असेल तर माझे काम सोपे झाले. कारण मला ज्या गाणाऱ्यांविषयी सांगायचे आहे तेही असेच मागच्या रांगेतले लोक आहेत. काही इंग्लंडातले, तर काही त्यांच्याच वाटेने गेलेले आपल्या मुंबईतले. १९६० नंतरच्या दहा वर्षांत गिटारीवर जी एक नवी गायकी जन्माला आली, तिच्या ओढीने हे गायले. त्यातल्या चार-पाच जणांची कीर्ती जगभर झाली. बाकीच्यांची झाली नाही. आज बोलायचे ते या बाकीच्यांबद्दल.

आधी हा प्रकार काय असतो ते पाहू. संच बहुधा चौघांचा. दोन गिटारी, एक खर्जाची गिटार आणि एक ड्रमवाला. पहिली गिटार सुरावटीचे तुकडे वाजवते. दुसरी तीन-चार सूर एकदम छेडून गाण्याला बैठक देते. खर्जाची गिटार ड्रमच्या ठेक्याला धरून चालते. गाणारा त्या चौघांतलाच असतो आणि उरलेले झील धरतात. मात्र आपल्या झीलकऱ्यांप्रमाणे सगळे एका सुरात नसतात. एक जण गाणाऱ्याच्या वरचा सूर घेतो, दुसरा खालचा. तीन गळे तीन सुरांवर असतात, तरी कानाला येतो तो एकच एक भरलेला आवाज. आणि गाणे किती लांबीचे? तर तीन मिनिटांच्या आसपास. त्या वेळच्या लहान तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढेच मावे. तेवढ्यात तोंड, कडवे, ध्रुवपद, मध्ये एखादे अवचित वळण आणि पुन्हा ध्रुवपद, सगळे बसवायचे. पाल्हाळाला जागाच नाही. चाल पहिल्या अर्ध्या मिनिटात मनात ठसली पाहिजे, नाहीतर गाणे गेलेच.

ही रीत पडली कशी, तेही ऐकण्यासारखे आहे. १९५६ साली लॉनी डोनेगन या गायकाचे ‘रॉक आयलंड लाइन’ नावाचे गाणे इंग्लंडात गाजले. त्याची गंमत अशी की ते वाजवायला फारसे शिक्षण लागत नसे आणि फारसा पैसाही लागत नसे. एक स्वस्तातली गिटार असली की झाले. चहाच्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी बांधली की खर्जाचे वाद्य तयार. कपडे घासायच्या पन्हळी पत्र्यावर बोटांत अंगुस्ताने घालून घासले की ठेका तयार. गल्लोगल्ली पोरांनी संच काढले. त्यांतलाच एक लिव्हरपूल शहरातल्या जॉन लेनन या शाळकरी मुलाचा. ६ जुलै १९५७ रोजी एका चर्चच्या जत्रेत तो संच वाजला आणि त्या दिवशी लेननची पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली. १९६० साली ‘शॅडोज’ या संचाने ‘अपाची’ नावाची एक धून काढली. तीत शब्द नव्हतेच, नुसती गिटार बोलत होती. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी लेनन-मॅकार्टनी आणि त्यांचे दोघे साथीदार, म्हणजे आताचे ‘बीटल्स’, यांनी आपल्या पहिल्या मोठ्या तबकडीची दहा गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली. रात्रभर भजनाला बसणाऱ्यांना त्याचे फारसे नवल वाटणार नाही. पण घरच्या घरी शिकलेल्या पोरांची ती तयारी होती, हे ध्यानात ठेवा.

आता हे सूर आपल्याकडे आले कोठून? त्यात आमच्या नभोवाणीचाही एक उलटा हातभार आहे, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताचे मोठे प्रेम. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोत्यांनी काय केले? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले. पुढे १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा कुठे हा रुसवा निघाला. पण तोवर सिलोनची सवय लागून गेली होती, आणि सिलोनवर हिंदी गाण्यांबरोबर इंग्रजी गाणीही लागत. मुंबईच्या चाळींत, गोव्याच्या घरांत पोरे कान लावून बसू लागली.

खेड्यापाड्यांत हे वारे आले ते सिनेमाच्या तंबूतून. १९६५ च्या ‘जानवर’ चित्रपटात शम्मी कपूरच्या नाचाचे एक गाणे आहे. त्याची चाल म्हणजे सरळ बीटल्सच्या ‘आय वाँट टु होल्ड युवर हँड’ची. संगीत शंकर-जयकिशन यांचे, गळे रफी आणि आशाबाईंचे. बीटल्सचे नाव न ऐकलेल्या कितीतरी मराठी माणसांनी बीटल्सची चाल तेव्हाच गुणगुणली होती. त्याच साली राजा नवाथे यांनी दिग्दर्शित केलेला ‘गुमनाम’ आला. त्याच्या आरंभी मुखवटे घातलेल्या नर्तकांचे एक धडाकेबाज गाणे आहे. त्यात पडद्यावर गिटारी घेऊन उभे असलेले लोक नट नव्हेत. तो मुंबईचा खराखुरा संच होता, ‘टेड लायन्स अँड हिज कब्ज’. मात्र नशीब कसे बघा. तोंड टेड लायन्सचे, गळा रफींचा. पुढे २००१ साली ‘घोस्ट वर्ल्ड’ नावाच्या अमेरिकन चित्रपटाची सुरुवात याच नाचाने झाली आणि हे दृश्य जगभर पोचले. इतक्या लोकांनी पाहिलेला मुंबईचा दुसरा गिटारसंच नसेल. आणि तिथे त्यांच्या गायकाचा स्वतःचा आवाज कोणी ऐकलेला नाही!

तशी मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगलोर, शिलाँग या सगळ्याच शहरांत कॉलेजच्या पोरांचे संच निघाले होते. मुंबईत ‘सॅव्हेजेस’, ‘व्हेल्वेट फॉग’, ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ अशी नावे होती. नावे दांडगी, पण खिसे रिकामे. परदेशी वस्तूंच्या आयातीवर तेव्हा कडक निर्बंध होते. विलायती गिटार मिळणे म्हणजे लॉटरी लागणे. मग कलकत्त्याच्या देशी गिटारी घ्यायच्या, एखाद्या सुताराला चित्र दाखवून लाकडी अंग कापून घ्यायचे, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून ध्वनिवर्धक जुळवून घ्यायचा. गाण्यांची पुस्तके नव्हती. तबकडी पुन्हा पुन्हा लावायची, सुई उचलून मागे ठेवायची आणि बोटे कुठे पडली असतील ते कानाने हुडकायचे. आपल्याकडे बुवांच्या मागे बसून जसे गाणे ‘उचलतात’, तसेच हे उचलणे. इथे बुवा तेवढे तबकडीत बसलेले.

या पोरांना व्यासपीठ दिले ते एका सिगारेटच्या जाहिरातीने. ‘सिमला’ नावाच्या सिगारेटच्या नावाने ‘सिमला बीट’ स्पर्धा भरत. भजनाच्या स्पर्धा भरतात तशाच. गावोगावचे संच यायचे, एकामागून एक वाजवायचे. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या स्पर्धकांची गाणी दोन मोठ्या तबकड्यांवर निघाली. शिलाँगचे ‘फेंटोन्स’ त्यांत आहेत, मुंबईचे आहेत, इतरही आहेत. पुढे परदेशातल्या संग्राहकांनी या तबकड्या शोधून काढल्या आणि पुन्हा प्रसिद्ध केल्या. १९७१ सालीच लोणावळ्याजवळ मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा मोठा मेळावा झाला. म्हणजे कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी गिटारी वाजून गेल्या आहेत, मंडळी.

इथवर ऐकल्यावर आपले ते बाजारातले गृहस्थ पुन्हा हात वर करतील. “म्हणजे शेवटी नक्कलच की!” ते म्हणतील. हा आक्षेप आजचा नाही. त्या पोरांच्या घरीदारी तो तेव्हाही निघत असेल, आणि आज एखाद्या खेड्यातला मुलगा खांद्याला गिटार अडकवून बसमध्ये चढला तर त्यालाही हेच ऐकावे लागते. तेव्हा त्याचा विचार नीट केला पाहिजे.

पहिली गोष्ट, वाद्य परके म्हणून गाणे परके ठरत नाही. पेटीचेच घ्या. हार्मोनियम युरोपातून आली. ती परकी, तिचे सूर आपल्या गायकीला न मानवणारे, असे म्हणून १९४० साली नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. जवळजवळ तीस वर्षे देशातल्या अनेक देवळांत जी पेटी वाजत होती, ती आमच्या ध्वनिक्षेपकापुढे यायला मज्जाव होता! आज कोणी पेटीला विलायती म्हणेल काय? तिच्याशिवाय भजन सुरू होत नाही. वाद्य कोणाचे, हा निकाल लोक देतात आणि तो द्यायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट, उचलेगिरी काही एकाच दिशेने होत नाही. याचा एक दाखला मला फार आवडतो. लंडनच्या ‘किंक्स’ या संचाचा रे डेव्हिस नावाचा गायक आणि गीतकार. त्याच्या धाकट्या भावाने, डेव्ह डेव्हिसने, आपल्या ध्वनिवर्धकाचा कागदी पडदा पात्याने कापून गिटारीचा आवाज मुद्दाम फाटका केला होता. १९६४ साली त्या फाटक्या आवाजानेच त्यांचे पहिले मोठे यश मिळवले. तर १९६५ च्या जानेवारीत हे लोक ऑस्ट्रेलियाला निघाले असता वाटेत मुंबईला उतरले. पहाटे रे डेव्हिस समुद्रकिनारी गेला. तिथे कोळी होडीकडे निघाले होते आणि गात होते. ते सूर त्याच्या डोक्यातून जाईनात. इंग्लंडला परतल्यावर त्यातून ‘सी माय फ्रेंड्स’ हे गाणे झाले. त्यात गिटारीचा एक सूर तंबोऱ्यासारखा मागे घुमत राहतो आणि चाल त्याच्याभोवती फिरते. ते १९६५ च्या जुलैत बाहेर आले. बीटल्सनी आपल्या गाण्यात सतार आणली ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात. त्या कोळ्यांची नावे कोणी विचारली नाहीत. मुंबईची पोरे लंडनची चाल बसवत होती आणि लंडनचा एक जण मुंबईच्या कोळ्यांची. आता नक्कल कोणी कोणाची केली म्हणायची?

तिसरी गोष्ट मात्र आपल्या गृहस्थांच्या बाजूची आहे आणि ती मान्य केली पाहिजे. त्या काळच्या मुंबईच्या संचांनी जे गायले त्यातले पुष्कळसे हुबेहूब दुसऱ्याचे होते. उच्चारसुद्धा विलायती करण्याची धडपड. ती गाणी आज ऐकली तर कौतुक वाटते, पण मन धरत नाही. नक्कल हा शिकण्याचा दरवाजा आहे. आपल्या तालमीतही शिष्य प्रथम गुरूच्या गळ्याची नक्कलच करतो. प्रश्न एवढाच की दरवाजातून आत आल्यावर पुढे काय केले.

याचे उत्तर शोधायला पुन्हा विलायतेला जाऊ. कारण तिथेही नंतर आलेल्या प्रत्येक संचापुढे बीटल्स डोंगरासारखे उभे होते. त्या डोंगराच्या सावलीत काहींनी जे केले ते मला विशेष मोलाचे वाटते.

‘झॉम्बीज’ हा सेंट ऑल्बन्स या लहान गावाचा संच. त्यांनी १९६७ साली ‘ओडेसी अँड ओरॅकल’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. वेष्टन रंगवणाऱ्याने नावातले स्पेलिंग चुकवले, ते तसेच छापले गेले. तबकडी बाजारात आली १९६८ च्या एप्रिलमध्ये. तोवर पैशाच्या ओढाताणीने संच मोडलाही होता. मग १९६९ साली त्यातले एक गाणे अमेरिकेत एकाएकी गाजले. गाणे लोकप्रिय आणि गाणारे पांगलेले, असा प्रकार. किंक्सचेही तेच. १९६८ च्या नोव्हेंबरात त्यांनी गावकुसाच्या आठवणींवर एक अख्खी तबकडी काढली. गावचे हिरवे मैदान, जुने मित्र, छायाचित्रांचा संग्रह, असे तिचे विषय. त्याच दिवशी बीटल्सची दुप्पट जाड तबकडी दुकानात आली! किंक्सच्या तबकडीकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. आज तीच त्यांची सर्वांत थोर कृती म्हणून जाणकार सांगतात.

‘बॅडफिंगर’ची कथा ऐकवत नाही. त्यातल्या पीट हॅम आणि टॉम इव्हान्स या दोघांनी १९७० साली ‘विदाउट यू’ हे गाणे रचले. १९७२ साली ते अग्रक्रमावर पोचले, पण हॅरी निल्सन या अमेरिकन गायकाच्या आवाजात. रचणारे पैशाच्या व्यवहारात पुरते नाडले गेले. १९७५ साली हॅमने आणि १९८३ साली इव्हान्सने आपल्या हाताने आयुष्य संपवले. गाणे आजही जगभर गायले जाते. गाणाऱ्यांना विचारा, रचले कोणी, तर दहांतला एखादाच सांगू शकेल.

पुढच्या पिढीतही ही परंपरा तुटली नाही. स्विंडन गावच्या ‘एक्सटीसी’ या संचाने १९८५ साली नाव पालटून एक तबकडी काढली, जणू ती १९६७ सालीच निघाली होती असा थाट करून. सोंग इतके बेमालूम की त्यातूनच त्यांचे खरे प्रेम दिसले. लिव्हरपूलच्याच ‘लाज्’ या संचाची तर एकुलती एक तबकडी आहे, १९९० ची. त्यांचा गायक ली मेव्हर्स याला ती पसंतच पडली नाही. मनातला आवाज उतरला नाही म्हणून तो अडून बसला आणि दुसरी तबकडी कधी निघालीच नाही. त्या एका तबकडीतले ‘देअर शी गोज’ मात्र ऐकून पाहा. कडवे नाही म्हटले तरी चालेल, सगळे गाणे म्हणजे एक ध्रुवपद, घोटून घोटून गोल केलेले. स्कॉटलंडच्या बेल्सहिल या खाणकामगारांच्या गावातून ‘टीनेज फॅनक्लब’ आले. त्यांच्या संचात तिघे जण गाणी रचत. प्रत्येकाचे गाणे तो स्वतः गाई आणि उरलेले दोघे झील धरीत. १९९१ साली ‘स्पिन’ या अमेरिकन मासिकाने त्यांच्या तबकडीला वर्षातली सर्वोत्तम ठरवले होते. आणि तरीही रस्त्यात थांबवून विचाराल तर त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल.

आता या सगळ्यांत गोडी कशाची? मला वाटते ती अशी. हे लोक नवे काही शोधल्याचा आव आणत नाहीत. वडिलोपार्जित शेत कसावे तसे ते ती तीन मिनिटांची चौकट कसतात. चौकट दुसऱ्याने आखलेली आहे हे त्यांना माहीत असते. त्यांचे लक्ष असते ते कामावर, म्हणजे झील कुठे वर न्यावी, गिटारीचा तुकडा किती लहान ठेवावा आणि कुठे गप्प बसावे यावर. आपल्या भजनकऱ्याने अभंग रचलेला नसतो, त्याने चाल बसवलेली असते, आणि तेवढ्यावर आपण त्याला ‘बुवा’ म्हणतो. तोच न्याय इथे लावायला हरकत नाही.

मुंबईच्या मंडळींतही असा दरवाजातून आत आलेला माणूस निघाला. त्याचे नाव नंदू भेंडे. मराठी रंगभूमीवरच्या आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या जोडप्याचा हा मुलगा. वडिलांनी बबन प्रभूंच्या फार्सांनी महाराष्ट्राला हसवले, आणि मुलगा ‘व्हेल्वेट फॉग’ संचात इंग्रजी गाणी गाऊ लागला. १९७४ साली अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या संगीतिकेत तो ज्यूडासच्या भूमिकेत गायला. इथवर तो इंग्रजी जगातला. पण १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकादमीने पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशांचा तमाशा’ आणले. ब्रेख्तच्या जर्मन नाटकाचे ते मराठी रूप, दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यात भास्कर चंदावरकर, आनंद मोडक यांच्या बरोबरीने नंदू भेंड्यांनी संगीताला हात लावला आणि रंगमंचावर ते गायलेही. मराठी नाटकात नांदी, लावणी, नाट्यपद आणि गिटारवाल्या पोरांची गायकी एका मांडवाखाली बसली. ज्या पोराला कोणी नक्कलबाज म्हणाले असेल, त्याच्याच गळ्यातून मराठी रंगभूमीला एक नवा सूर मिळाला. २०१४ साली नंदू भेंडे गेले.

दुसरे उदाहरण गोव्याच्या शिवोलीचे, रेमो फर्नांडिस यांचे. शाळेत असताना त्यांचा ‘बीट फोर’ नावाचा संच होता. नावातच बीटल्सची सावली. मुंबईत वास्तुशिल्प शिकायला आल्यावर ते सॅव्हेजेसमध्ये वाजवू लागले. पुढे गावी परतून त्यांनी १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही आपली ध्वनिफीत घरीच ध्वनिमुद्रित केली आणि स्वतःच विकली. भाषा इंग्रजी, पण विषय गोव्याचे, माणसे गोव्याची. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण सगळेच भेंडे किंवा फर्नांडिस झाले नाहीत. बहुतेकांनी पदव्या घेतल्या, नोकऱ्या धरल्या, काही परदेशी गेले, काही सिनेमाच्या वाद्यवृंदात मिसळून गेले. अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचे ध्वनिमुद्रण नीट संपादून जगापुढे आणले ते २०११ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने. हा संच आपल्या मुंबईचा, आणि त्याची आठवण ठेवली लॉस एंजेलिसने. आणि ज्यांची तबकडी निघालीच नाही, त्यांचे काय? ते गाणे ज्यांनी त्या रविवारी त्या सभागृहात ऐकले, त्यांच्याबरोबरच ते संपणार.

ही गोष्ट मला विलायतेपेक्षा सिरसाळ्याच्या संदर्भात अधिक टोचते. आपल्या भागातली किती माणसे दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्यात गाणारे असतात, पखवाजी असतात. फडावर रात्री एखादी चाल नवी बसते. ती बसवली कोणी हे त्या टोळीला ठाऊक असते. वीस वर्षांनी ते कोणालाच ठाऊक नसेल. बँजो पार्टीतला एखादा पोरगा सिनेमाच्या गाण्याच्या मधल्या जागेत स्वतःचा असा तुकडा घालतो की वरात क्षणभर थांबते. तो तुकडा दुसऱ्या दिवशी गेलेला असतो. मुंबईच्या पोरांच्या निदान दोन तबकड्या तरी सिगारेटवाल्यांनी काढल्या. आपल्यासाठी तेही कोणी करणार नाही, आपणच करायचे. आज खिशातल्या फोनमध्ये ध्वनिमुद्रण करता येते. पुढच्या एकादशीला भजन रंगले की ते करून ठेवा. आणि त्याबरोबर एका वहीत तारीख, गाव, गाणाऱ्याचे, पखवाजीचे, पेटीवाल्याचे नाव आणि चाल कोणाकडून आली ते लिहा. नावाशिवाय ठेवलेला आवाज लवकर अनाथ होतो.

आणि त्याच फोनवर, फावल्या वेळी, आज सांगितलेल्यांपैकी दोन-तीन गाणी ऐका. इंग्रजी येत नसेल तरी बिघडत नाही. भैरवीची चीज सगळ्यांना कळते असे थोडेच आहे? प्रत्येक गाणे तीनदा ऐका. पहिल्या खेपेला नुसती चाल ऐका. दुसऱ्या खेपेला गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, मागच्या झीलकऱ्यांचे वरचे आणि खालचे सूर वेगळे काढता येतात का ते बघा. तिसऱ्या खेपेला खर्जाच्या गिटारीमागे जा. गाण्याचे बळ बहुधा तिच्याकडे असते, जसे भजनाचे पखवाजाच्या डाव्या हाताकडे. सुरुवात किंक्सच्या ‘सी माय फ्रेंड्स’ने करा. पहाटेच्या मुंबईत गाणारे ते कोळी त्यात कुठे सापडतात का, ते तुमच्या कानांनी तपासा, आणि मग आपल्या बाजारातल्या त्या गृहस्थांनाही ऐकवा. त्यांना आवडलेच पाहिजे असा आग्रह नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी नापसंत केले तर तो त्यांचा अधिकार आहे. न ऐकता करू नये, एवढीच माझी विनंती.